घरचा खेळ आणि वाटेवरचा खेळ

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे केंद्र सरकारच्या नोकराच्या घरात सर्वांत आधी निघतात ते कागद आणि पेन्सिल. कागदाच्या मध्यावर उभी रेघ मारावयाची; डावीकडे बरोबर न्यावयाचे सामान, उजवीकडे मालट्रकने पाठवावयाचे. आमच्या वडिलांच्या हातची अशी एक यादी अद्याप आमच्या संग्रही आहे. १९९९ च्या मे महिन्यात जबलपूरहून सिकंदराबादेस निघताना त्यांनी ती केली. डाव्या रकान्यात देवांचा डबा, शाळेचे दाखले, पाण्याचा थर्मास, दोन वळकट्या. उजव्या रकान्यात कपाट, सायकल, टीव्ही, आणि टीव्हीच्या खालोखाल 'व्हिडिओ गेम १, कॅसेटी ७' अशी नोंद. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. ती नोंद रेघेच्या अलीकडे यावी म्हणून आम्ही पुष्कळ हट्ट केला. वडील एवढेच म्हणाले, "अरे, टीव्हीवाचून त्याचं करणार काय? गाडीत मांडीवर घेऊन बसणार?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. सामान तीन आठवड्यांनी आले, आणि तोपर्यंतच्या सुट्टीत आम्ही रिकाम्या क्वार्टरच्या भिंतीकडे पाहत बसलो, एवढे मात्र स्मरते.

वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वेळी जगात तयार होते व ते आमच्याच वयाचे होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. पुरे उत्तर यावयास ३ मार्च २०१७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी जपानातील क्योटो येथील निन्टेंडो कंपनीने 'स्विच' नावाचे यंत्र बाजारात आणले. हातात धरले तर ते हातातले, टीव्हीजवळच्या खोबणीत ठेवले तर घरातले. ५ जून २०२५ रोजी त्याचा वारस 'स्विच २' आला, आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत आमच्या धाकट्या मेहुण्याने सिंगापूरहून येताना तो आमच्यासाठी आणला. गेले काही महिने रात्रीची जेवणे आटोपल्यावर आम्ही त्याच्याशी परिचय करून घेत आहो. या वयात हे शोभते काय, असा प्रश्न आमच्या घरात रीतसर उपस्थित झालेला आहे. त्यावर निर्णय व्हावयाचा आहे.

वृत्तपत्रे अशा यंत्रास 'हायब्रीड' म्हणतात. हा शब्द आपल्याकडे ज्वारीच्या बियाण्याबरोबर खेडोपाडी पोहोचलेला आहे, आणि म्हणून या यंत्राविषयीही लोकांची अशी समजूत होते की दोन निरनिराळे वाण आणून कोणीतरी एके दिवशी त्यांचा संकर केला. तसे घडलेले नाही. येथील दोन्ही वाण एकाच घरचे. एका घराची वाटणी झाली, दोन चुली पेटल्या, आणि सुमारे पस्तीस वर्षांनी दोन्ही घरे पुन्हा एका छपराखाली आली, ती हौसेने नव्हे तर पोटाला चिमटा बसल्यामुळे. यंत्राची ही कुळकथा जुन्या फायलींत दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनास यंत्राइतकीच गोड वाटली, म्हणून हा लेखप्रपंच.

या घराचा मूळ धंदा डाव्या रकान्यातला, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. २३ सप्टेंबर १८८९ रोजी फुसाजिरो यामाउची यांनी क्योटोत हानाफुदा पत्ते करण्याचे दुकान घातले. हानाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते. बारा महिन्यांची बारा झाडेफुले, प्रत्येकाचे चार, असे अठ्ठेचाळीस. जपानात पत्त्यांस 'कारुता' असेही म्हणतात, आणि हा शब्द पोर्तुगिजांच्या 'कार्ता'पासून आलेला आहे. ज्या दर्यावर्दींनी गोव्यास किल्ले बांधले त्यांच्याच जहाजांतून पत्ते त्या बेटांवर उतरले. कोकणातल्या वाचकांस सावंतवाडीचे गंजिफे आठवतील. त्यांची वाट निराळी, इराणी-मोगली. परंतु हाताने रंगविलेला, जाड कागदाचा, आणि डबीत घालून कोठेही नेता येणारा खेळ, हा गुण दोहोंत एकच. पत्त्याला घर लागत नाही. सतरंजी लागते, तीही नसली तरी चालते.

फुसाजिरोंनंतर या दुकानाची गादी त्यांच्या घरजावयाने चालविली. १९४९ साली ती फुसाजिरोंच्या पणतवाकडे, हिरोशी यामाउची यांच्याकडे आली. त्यांचे वय तेव्हा विशीच्या आरंभीचे. पुढे त्रेपन्न वर्षे, म्हणजे २००२ पर्यंत, ते अध्यक्षपदी राहिले. सरकारी नोकरीत एवढी मुदतवाढ कोणास मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९५३ साली त्यांनी प्लास्टिकचे पत्ते काढले, १९५९ साली पत्त्यांवर डिस्नेची चित्रे आणली, आणि पत्त्यांची बाजारपेठ आटू लागली तेव्हा टॅक्सीपासून झटपट शिजणाऱ्या भातापर्यंत नाना धंदे करून पाहिले. त्यांतला एकही लागी लागला नाही.

याच काळात, १९६५ साली, पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी गुनपेई योकोई नावाचा एक तरुण कारखान्यात लागला. काम थोडे, वेळ पुष्कळ. फावल्या वेळात त्याने लाकडी पट्ट्यांची कात्रीसारखी लांबणारी एक चिमटी केली. मालकाने ती पाहिली, आणि आता आपली कानउघाडणी होणार असे योकोई समजत असता त्याला तीच वस्तू विक्रीसाठी तयार करण्याचा हुकूम मिळाला. १९६६ सालचा हा 'अल्ट्रा हँड' दहा लाखांहून अधिक खपला. कार्यालयीन वेळेत खाजगी उद्योग केल्याबद्दल बढती मिळाल्याचे हे उदाहरण नियमावलीत बसणारे नसले तरी इतिहासात नोंदण्याजोगे खास आहे.

योकोईचा एक सिद्धांत पुढे फार गाजला. त्याचा आशय असा की जे तंत्र नवे व महाग आहे त्याच्यामागे धावू नये. जे जुने होऊन सुकले आहे, ज्याच्या साऱ्या खोडी कळून चुकल्या आहेत व जे स्वस्त झाले आहे, ते घ्यावे आणि भलत्याच कामी लावून पाहावे. घरातल्या जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या आपल्या आज्यांस हा सिद्धांत कोणी शिकविला नव्हता. सांगतात ते असे की शिंकान्सेन आगगाडीत योकोईला एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो हातातल्या गणकयंत्राच्या कळा उगाच दाबीत वेळ घालवीत होता. गणकयंत्रांच्या चढाओढीमुळे द्रवस्फटिकाचे लहान पडदे तेव्हा अगदी स्वस्त झाले होते. त्यांतून १९८० च्या एप्रिलमध्ये 'गेम अँड वॉच' हा खिशात मावणारा खेळ निघाला. एका यंत्रात एकच खेळ, आणि वर घड्याळ. ही मालिका चार कोटींवर खपली. १९८२ च्या 'डाँकी काँग' या यंत्रावर योकोईने अधिक चिन्हाच्या आकाराची एक कळ बसविली. खिशात मावेल अशी दांडी करता येईना, म्हणून ती चपटी केली. आज जगातल्या बहुतेक खेळयंत्रांवर डाव्या अंगठ्याखाली जी कळ असते ती हीच. एका नोकरदाराच्या प्रवासातल्या कंटाळ्याचे हे स्मारक आहे, आणि या मासिकाच्या वाचकांनी त्यास मनोमन नमस्कार करण्यास हरकत नाही.

वाटणी झाली ती १९८३ साली. त्या वर्षी १५ जुलैस 'फॅमिली कॉम्प्युटर' अथवा लोकांच्या तोंडी 'फॅमिकॉम' हे यंत्र आले. ते मासायुकी उएमुरा यांच्या विभागाने केले होते. कंपनीत संशोधनाचे निरनिराळे विभाग होते. पहिला योकोईचा, दुसरा उएमुरांचा. फॅमिकॉमची किंमत १४,८०० येन, आणि त्यातला गणक-तुकडा १९७५ सालच्या एका अमेरिकन रचनेवर आधारलेला, म्हणजे येथेही सुकलेलेच लाकूड. परंतु या यंत्राला टीव्ही लागे, टीव्हीला भिंत लागे, भिंतीला घर. पत्त्यांच्या दुकानाची एक शाखा अशी घरात स्थिरावली. १९८५ च्या सप्टेंबरात शिगेरू मियामोतो यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला आणि या शाखेच्या अंगणात लक्ष्मी पाणी भरू लागली. जगभर ही यंत्रे सहा कोटींच्या वर गेली.

या सहा कोटींत आमचे यंत्र धरलेले नाही. भारतात 'सामुराई' या नावाने त्याची अधिकृत आवृत्ती काही काळ विकली गेली. तथापि नव्वदीच्या दशकात आपल्या घरांत शिरली ती त्याची नकली भावंडे. आमच्या यंत्रावर क्योटोच्या कंपनीचे नाव कोठेही नव्हते, कॅसेटवर मात्र नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ असल्याचे लिहिले होते, आणि त्यांतले वीसएक खरे असून बाकीचे त्यांचीच उजळणी होते, हे कळण्यास एक रविवार पुरे पडला. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर घालावयाची. फुंकरीतल्या दमटपणाने धातूच्या पट्ट्या उलट गंजतात, असे जाणकार सांगतात. पण त्या काळी ज्या श्रद्धेने आम्ही ती फुंकर घालीत असू, त्या श्रद्धेने पुढे कोणतेही काम केल्याचे स्मरत नाही. जबलपूरच्या आमच्या वसाहतीत बंगाली, तमिळ, पंजाबी अशी सारी मुले एकाच टीव्हीसमोर जमत. मारिओ हा कोणाच्याच भाषेत बोलत नसल्यामुळे तो सर्वांचाच होता.

योकोईची शाखा इकडे स्वस्थ बसली नव्हती. २१ एप्रिल १९८९ रोजी 'गेम बॉय' आला, १२,५०० येनांना. हेच ते वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर. पडदा करड्या-हिरव्या रंगाच्या चार छटांचा, मागे दिवा नाही. चार पेन्सिल सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. पुढल्याच वर्षी सेगा कंपनीचा रंगीत व प्रकाशमान 'गेम गिअर' आला, पण तो सहा सेल तीन-चार तासांत फस्त करी. लोकांनी कोणता घेतला हे सांगावयास नको. प्रवासात सौंदर्यापेक्षा शिधा महत्त्वाचा. मॉस्कोच्या आलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ साली रचलेला 'टेट्रिस' गेम बॉयबरोबर अमेरिकेत दिला गेला, आणि मुलांचे खेळणे आईबापांच्या हाती गेले. त्याच्या रंगीत भावंडासह तो अकरा कोटींहून अधिक खपला.

आता एका घरात दोन चुली झाल्या. एकीकडे डाव्या रकान्याची यंत्रे, दुसरीकडे उजव्या रकान्याची. मारिओ दोन्हीकडे होता, पण तो दोनदा लिहावा लागे. दोन निरनिराळे संघ, दोन तऱ्हेच्या कॅसेटी, दोन खर्च. खेळणाऱ्यालाही एकच गोष्ट दोनदा विकत घ्यावी लागे. मधल्या भिंतीत खिडकी पाडण्याचे प्रयत्न झाले. १९९४ साली 'सुपर गेम बॉय' नावाचे एक उपकरण निघाले. त्यात हातातल्या यंत्राची कॅसेट घातली की ती टीव्हीवर चाले. उलट दिशेचे धाडस इतरांनी केले. घरच्या यंत्राचेच खेळ हातात चालविणारा 'पीसी इंजिन जीटी' १९९० साली जपानात आला. १९९५ साली सेगाने अमेरिकेत 'नोमॅड' काढला. घरची कॅसेट त्यात घालावी, हातात खेळावे, वाटल्यास तार जोडून टीव्हीवर पाहावे. म्हणजे कल्पना पुरी स्विचचीच, स्विचच्या बावीस वर्षे आधी. परंतु घरच्या यंत्राची भूक भिंतीतल्या विजेवर पोसलेली. ते हातात आणले तरी त्याची भूक कमी होईना, सहा सेल दोन-तीन तासांत संपत. विचार बरोबर होता, शिधा पुरला नाही. योकोई स्वतः १९९५ च्या 'व्हर्चुअल बॉय' या यंत्राच्या अपयशानंतर १९९६ साली कंपनीतून बाहेर पडले आणि १९९७ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरील अपघातात वारले. दोन चुलींचे पुढे काय झाले ते पाहावयास ते राहिले नाहीत.

२००१ च्या 'गेमक्यूब' या घरगुती यंत्राच्या पाठीमागे कंपनीने एक मूठ बसविली होती, हे येथे सांगून टाकतो. धरून कोठेही न्या म्हणून. नेल्यावर टीव्ही व विजेचे बटण शोधा, हे अध्याहृत. उजव्या रकान्यातल्या वस्तूला डाव्या रकान्याची ओढ लागल्याचे याहून बोलके चित्र आम्हांस ठाऊक नाही.

मग भरभराटीचा काळ आला, आणि भरभराटीत वाटणी कोणास सलत नाही. २००४ चा दोन पडद्यांचा 'डीएस' पंधरा कोटींवर गेला, २००६ चा 'वी' दहा कोटींवर. परंतु तोवर लोकांच्या खिशांत फोन आले होते, आणि शिंकान्सेनमधल्या त्या कंटाळलेल्या नोकरदाराच्या हातात आता गणकयंत्र नव्हते. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षी कंपनीने वार्षिक तोटा जाहीर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 'वी यू' यंत्राने जखमेवर मीठच चोळले. याच्या हातात धरावयाच्या भागाला स्वतःचा पडदा होता. टीव्ही दुसऱ्या कोणास हवा असेल तर खेळ या पडद्यावर घ्यावा. मात्र चित्र येई ते दिवाणखान्यातल्या मूळ यंत्राकडून, बिनतारी. त्यामुळे चार पावले दूर गेले की दुवा तुटे. स्वयंपाकघरापर्यंत जाता येई, फाटकाबाहेर नाही. उंबरठ्यावर घुटमळणारे हे यंत्र सर्व मिळून १ कोटी ३५ लाखांच्या आसपास खपले. आमचे मत असे की स्विचची खरी आई हीच. अपयशी ठरल्यामुळे तिचे नाव कोणी घेत नाही इतकेच.

या काळात अध्यक्ष होते सातोरू इवाता. ते मूळचे खेळ लिहिणारे. २००२ साली हिरोशी यामाउचींनी घराबाहेरच्या या माणसाच्या हाती गादी दिली. तोटा आला तेव्हा माणसे कमी करावीत हा भागधारकांचा आग्रह त्यांनी मानला नाही, उद्या नोकरी जाईल या भीतीत बसलेला माणूस चांगला खेळ लिहू शकत नाही असे त्यांचे म्हणणे. उलट २०१४ साली पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. आणि त्यांनी दोन चुली एक करण्यास प्रारंभ केला. २०१३ साली हातातल्या व घरातल्या यंत्रांवर काम करणारे विभाग एकत्र आणले गेले. मार्च २०१५ मध्ये 'एनएक्स' या सांकेतिक नावाने नव्या यंत्राची वाच्यता झाली. त्यानंतर चार महिन्यांनी, ११ जुलै २०१५ रोजी, इवाता पंचावन्नाव्या वर्षी कर्करोगाने वारले. म्हणजे यंत्र एक होण्याआधी माणसे एका खोलीत बसली. इतिहासात हा क्रम महत्त्वाचा असतो, आणि बाजारच्या वर्णनांत तो हटकून गाळला जातो.

एकत्र येणे शक्य झाले ते फोनांमुळेच. थोड्या विजेत पुष्कळ काम करणारे गणक-तुकडे फोनांसाठी जगभर तयार होऊ लागले होते. स्विचमध्ये बसविलेला एनव्हिडियाचा 'टेग्रा एक्स१' हा तुकडा २०१५ च्या आरंभीच जाहीर झालेला, म्हणजे यंत्र आले तेव्हा दोन वर्षांचा. योकोईचा सुकलेल्या लाकडाचा नियम त्यांच्या पश्चात वीस वर्षांनीही घरात पाळला जात होता. पुष्कळांची अशी समजूत आहे की टीव्हीजवळच्या खोबणीत एखादे जास्तीचे यंत्र दडलेले आहे. तसे नाही. खोबण वीज पुरविते व चित्र टीव्हीकडे धाडते. विजेची ददात नसल्यामुळे तोच तुकडा तेथे अधिक वेगाने धावतो, हातात आला की शिधा पाहून चाल मंदावतो. नोमॅडला जे साधले नाही ते हेच, भूक आवरणे. सव्वासहा इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंस निघणारे दोन हातगुंडे, अडीच ते साडेसहा तासांची बॅटरी; हे प्रवासी यंत्र घरी येऊन घरचे झाले. २०२० च्या मार्चमध्ये जग घरांत कोंडले गेले त्याच आठवड्यांत 'ॲनिमल क्रॉसिंग' हा एका बेटावर शेजाऱ्यांसह राहण्याचा खेळ आला, आणि प्रवासासाठी केलेले यंत्र लोकांनी प्रवास बंद असताना सर्वाधिक आवडीने हाती धरले. सर्व मिळून स्विच पंधरा कोटींच्या वर गेला. त्याच्या हातगुंड्यांची दांडी काही काळाने आपोआप एकीकडे सरकते अशा तक्रारी देशोदेशी झाल्या, व २०२० साली तत्कालीन अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांस त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता स्विच २. पडदा ७.९ इंच, हातगुंडे चुंबकाने चिकटणारे, खोबणीत ठेवल्यास चौपट सूक्ष्म चित्र. अमेरिकेत २०२५ साली किंमत ४४९.९९ डॉलर होती, भारत पहिल्या विक्रीच्या देशांत नव्हताच. पहिल्या चार दिवसांत जगात पस्तीस लाख यंत्रे गेली. जुन्या स्विचचे बहुतेक खेळ त्यावर चालतात, ही गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक मोलाची वाटली. कारण खेळणाऱ्याच्या घरी यंत्र येते ते एकटे, आणि आधीच्या दहा वर्षांचा संसार मागे टाकून येण्याची सक्ती त्याच्यावर नसावी. वजन मात्र वाढले आहे. हातगुंड्यांसह जुने चारशे ग्रॅमच्या आतले होते, नवे साडेपाचशेच्या जवळ जाते. आडवे पडून खेळणाऱ्यास हा फरक नाकावर यंत्र पडेपर्यंत लक्षात येत नाही. कल्पना तीच, अंगण मोठे. वाटणी मिटल्यावर दुसऱ्या पिढीने घराला मजला चढवावा तसे हे झाले आहे, आणि यात नवे काय असे विचारणाऱ्यास आम्ही म्हणू की सव्वाशे वर्षांच्या घराने एक दशक तरी तेच घर नीट राखावे.

आमची तक्रार दुसरीच आहे. स्विच २ बरोबर खेळाच्या चिपांचा एक नवा प्रकार आला. त्यास 'गेम की कार्ड' म्हणतात. दिसावयास चिपच, डबीही तशीच. आत मात्र खेळ नाही, खेळाची किल्ली आहे. ती यंत्रात घालावी, दूरच्या भांडारातून खेळ उतरवून घ्यावा, आणि नंतरही खेळताना किल्ली आत असावी. न्यायाने सांगावयाचे तर ही किल्ली दुसऱ्यास देता येते, विकता येते. आणि कंपनीचे स्वतःचे 'मारिओ कार्ट वर्ल्ड' पुऱ्या चिपेवर आले आहे, पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनेही 'सायबरपंक २०७७' सारखा अवजड खेळ चौसष्ट गिगाबाइटांच्या चिपेवर सबंध दिला. परंतु अनेक प्रकाशकांनी किल्लीच पसंत केली, कारण ती स्वस्त पडते.

आम्ही अभिलेख कक्षात काम केलेले. फाईलचे कव्हर आहे, क्रमांक आहे, विषय आहे, आणि आत टिपणीचे एकही पान नाही, असे प्रकरण हाती आले की अंगावर कसा काटा येतो ते या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात २००० सालापासून खेळांच्या चिपा व तबकड्याही पुस्तकांप्रमाणे जमा होतात. त्या ग्रंथालयाने २०२५ साली अशी भूमिका घेतली की किल्लीचे कार्ड हे स्वतः साहित्य नव्हे, सबब ते संग्रहाच्या कक्षेत येत नाही. आमच्या मते हा निर्णय बिनचूक आहे आणि म्हणूनच चिंताजनक आहे. भांडारे बंद होतात. 'वी'चे भांडार जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. 'वी यू' व '३डीएस' यांच्या दुकानांतली खरेदी २७ मार्च २०२३ रोजी संपली. ज्यांनी आधी घेतले त्यांना तूर्त उतरवून घेता येते, हे खरे. 'तूर्त' या शब्दावर आमच्या कार्यालयात किती इमारती उभ्या आहेत हे आम्ही जाणतो.

आणि इतिहास बाजूस ठेवला तरी मूळ कल्पनेशी याचे जमत नाही. पत्त्याला घर लागत नव्हते. गेम बॉयला भिंत लागत नव्हती. दोन चुली मोडून, पगार कापून घेऊन, एका माणसाच्या मृत्यूनंतर जे यंत्र उभे राहिले त्याचा सारा अर्थ असा की खेळ माणसाबरोबर चालू लागावा. त्याच यंत्रात आता असा खेळ घालावयाचा की ज्याचा पहिला घास दूरच्या कोठारातून आल्याखेरीज पान वाढले जात नाही. म्हणजे नोमॅडचा शिधा संपे, याचा शिधा निघतानाच बरोबर नसतो. लडाखच्या अथवा अंदमानच्या नेमणुकीवर असलेल्या आमच्या बांधवांस यातला फरक समजावून देण्याची गरज नाही.

जुन्या स्विचच्या चिपांना एक अत्यंत कडू द्रव्य लावलेले असते, लहान मुलांनी गिळू नये म्हणून. आमच्या मुलीने वयाच्या दुसऱ्या वर्षी त्याची परीक्षा घेऊन झालेली आहे. चेहरा वाकडा करून तिने ती चिप आमच्या हातावर परत ठेवली, आणि धुऊन पुसून ती आजही चालते.

मागल्या आठवड्यात आमचा हुकूम आला. दिल्लीहून गुवाहाटी. पंधरा दिवसांत कार्यमुक्त व्हावयाचे आहे. काल रात्री आम्ही कागद घेऊन बसलो व मध्ये रेघ मारली. डावीकडे देवांचा डबा, दाखले, औषधे. सौभाग्यवतींनी काही न बोलता त्याखाली यंत्र लिहिले, तेव्हा वरच्या प्रश्नाचा निर्णय झाला असे आम्ही धरून चालतो. त्याखाली चिपांची डबी. शर्टाच्या खिशात मावते. अकरा चिपा जुन्या, एक नवी पुरी. टीव्हीची खोबण उजवीकडे, टीव्हीच्या खालोखाल. वडिलांच्या सात कॅसेटींपैकी एक अजून आहे, तिला लावावयास यंत्र नाही. ती मुलीने आपल्या दप्तरात घातली आहे, म्हणजे डावीकडेच धरावयाची. राहिली ती किल्लीची दोन कार्डे. ती कोणत्या रकान्यात लिहावी हे ठरेना, म्हणून तेवढी ओळ मोकळी सोडून आम्ही भांड्यांकडे वळलो.